ओढ आणि पाचारण : व्रतस्थ जीवनाचा निर्णय कसा पारखावा

वसईतील एका महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण बहुतेक वेळा नागासाकीच्या क्रूसापासून सुरू होते; पाचारणाचा, म्हणजे धर्मगुरू किंवा व्रतस्थ होण्यासाठी देवाकडून येणाऱ्या हाकेचा, विचार करणाऱ्या तरुणाने मात्र त्यांच्या आयुष्यातील त्याआधीची वर्षे नीट पाहावीत. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेले गोन्सालो येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले, किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले, जपानी भाषा शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून तेथे अनेक वर्षे राबले. आपल्याला येशूसंघात घ्यावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. पुढे ते व्यापारात शिरले, त्यात त्यांचा जमही बसला, आणि अखेर मनिला येथे ते दाखल झाले ते फ्रान्सिस्कन संघात, धर्मगुरू म्हणून नव्हे तर ब्रदर, म्हणजे धर्मगुरुपदाची दीक्षा न घेतलेला व्रतस्थ, म्हणून. याच संघाचे दुभाषी होऊन ते १५९३ साली जपानला परतले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर ज्या २६ जणांना क्रूसावर चढवले गेले, त्यांत ते होते. त्या २६ जणांत येशूसंघाचेही तिघे होते. १८६२ साली पोप पायस नववे यांनी या सर्वांना एकाच दिवशी संतपद दिले.

ही हकिगत आधी सांगण्याचे कारण असे, की एखाद्या संघाविषयी वाटणारी भक्ती आणि त्या संघात जाण्याचे पाचारण या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एकच मानल्या जातात. ओढ खरी असू शकते, ती देवाकडून आलेलीही असू शकते, आणि तरीही ती ज्या दारापाशी नेऊन उभी करते त्या दारातून आत जायचे असतेच असे नाही. कधी ती शेजारच्या दाराकडे वळवण्यासाठी असते, तर कधी संसारात राहूनच त्या संघाच्या पाऊलवाटेने चालण्यासाठी. ती कशासाठी आहे हे ओळखण्याच्या कामाला पारख म्हणतात. पुढे जे लिहिले आहे ते ही पारख क्रमाने कशी करावी याविषयी आहे. मुलगा असो वा मुलगी, बारावीचा विद्यार्थी असो वा तिशीतील नोकरदार, बहुतेक गोष्टी सर्वांना सारख्याच लागू होतात.

ओढीचा उगम शोधा

पहिले काम वही-पेन घेऊन करायचे आहे. ही ओढ कधीपासून वाटते आणि नेमकी कशाची वाटते, हे शक्य तितक्या साध्या शब्दांत लिहून काढावे. ज्या सिस्टरांच्या शाळेत शिकलो त्यांच्यापैकी एकीचा लळा लागला असेल. संत अंतोनींच्या मंगळवारच्या नोव्हेनाला (भक्तिप्रार्थनेला) आजीचे बोट धरून गेल्याची आठवण मनात घर करून असेल. गळ्यात कार्मेलमातेचा तपकिरी स्कॅप्युलर, म्हणजे भक्तीची खूण म्हणून घालतात तो कापडी तुकडा, असेल. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र शवाच्या दर्शनाला रांगेत उभे असताना काही तरी आत हलले असेल. यांपैकी कोणतेही कारण क्षुल्लक नाही, कारण देव माणसाला बहुधा अशाच जवळच्या गोष्टींतून हाक मारतो. पण प्रत्येक कारणापुढे एक प्रश्न लिहावा : ही व्यक्ती, हा झगा, हे गाणे, हे चर्च उद्या समोर नसले, तर माझी इच्छा उरेल का? ज्या फादरांमुळे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, जावेसे वाटले त्यांची बदली दुसऱ्या प्रांतात झाली की इच्छाही त्यांच्याबरोबर निघून जाते, असे अनेकदा घडते, आणि ते आत गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

दुसरी गोष्ट संस्थापकाच्या चरित्रातून बाहेर येऊन संघाचा आजचा दिवसक्रम पाहण्याची. येशूसंघाचे झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले आणि दहा वर्षांत मलाक्का, मोलुकास, जपान करून चीनच्या दारापर्यंत जाऊन वारले. ते वाचून अंगावर काटा येतो. परंतु त्यांच्याच संघात आज जाणारा तरुण दोन वर्षे नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांपूर्वीच्या प्रशिक्षणात, राहतो, मग तत्त्वज्ञान शिकतो, मध्ये एखाद्या शाळेत किंवा वसतिगृहात मुलांचे गृहपाठ तपासतो, मग ईशज्ञान शिकतो, आणि धर्मगुरुपदाची दीक्षा मिळेपर्यंत दहाबारा वर्षे सहज उलटून जातात. तेव्हा समुद्रप्रवासावर मन बसले असेल तर त्या गृहपाठांवरही बसते का, हे पाहावे लागते. असीसीच्या संत फ्रान्सिस यांच्या गरिबीवर प्रेम करणाऱ्याला एखाद्या फ्रान्सिस्कन घरात वसतिगृहाचा हिशेब ठेवायचे काम मिळू शकते, आणि तेच काम त्याच्यासाठी त्या गरिबीची खरी शाळा ठरते.

कोणते जीवन, कोणता संघ

येथे आपल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक समाजात, बराच गोंधळ असतो, म्हणून थोडक्यात फरक सांगतो. धर्मप्रांतीय धर्मगुरू हा व्रतस्थ नसतो. तो ब्रह्मचर्याचे आणि आपल्या बिशपांच्या आज्ञेचे वचन देतो, गरिबीचे व्रत घेत नाही, आणि बहुतेक आयुष्य एकाच धर्मप्रांतात, म्हणजे त्या बिशपांच्या कार्यक्षेत्रात, घालवतो. मुंबईच्या धर्मप्रांतासाठी गोरेगावची संत पायस दहावे सेमिनरी आणि गोव्यासाठी राशोलची सेमिनरी अशाच धर्मगुरूंना घडवते. व्रतस्थ माणूस मात्र गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन एका संघात राहतो आणि संघ पाठवील तेथे जातो. तो धर्मगुरू असेलच असे नाही. ब्रदर होणे म्हणजे अपुरे राहिलेले धर्मगुरुपद, असा आपल्याकडचा समज साफ चुकीचा आहे. गोन्सालो ब्रदरच होते, आणि असीसीचे फ्रान्सिसही कधी धर्मगुरू झाले नाहीत.

शिवाय प्रत्येक संघाचे स्वतःचे वळण असते. कार्मेलच्या मठवासी भगिनी मठाच्या आवारातच राहून प्रार्थनेला आयुष्य वाहतात. मदर तेरेसांच्या संघाच्या भगिनी तीन व्रतांबरोबर गरिबांतील गरिबांची मनोभावे, विनामूल्य सेवा करण्याचे चौथे व्रत घेतात. येशूसंघातील काही जण अखेरच्या टप्प्यावर पोप पाठवतील त्या कार्याला जाण्याचे चौथे व्रत घेतात. काही संस्था आपल्याच मातीत उगवल्या आहेत : पिळारच्या मिशनरी धर्मगुरूंच्या संस्थेची सुरुवात १८८७ साली गोव्यातील आगोंद येथे झाली. आपल्या स्वभावाला एकांत मानवतो की माणसांची वर्दळ, शिकवणे मानवते की आजाऱ्यांची शुश्रूषा, हे घरच्यांना आणि मित्रांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते; त्यांना विचारावे.

मनातील हालचाली वाचायला शिकणे

सर्वांत जास्त वेळ येथे द्यायचा आहे. ही विद्या ज्यांनी पद्धतशीर लिहून ठेवली ते येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नाती आधी स्वतः एक सरदार होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या वाड्यात ते महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले. वेळ घालवायला त्यांना शूर सरदारांच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात मिळाले ते ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा. ते कधी एका थोर स्त्रीची सेवा करून कीर्ती मिळवण्याची स्वप्ने रंगवत, तर कधी फ्रान्सिस आणि डोमिनिक यांनी केले ते आपण केले तर काय होईल, असा विचार करीत. दोन्ही स्वप्ने रंगवताना गोड वाटत. पण हळूहळू त्यांच्या लक्षात आले, की पहिले स्वप्न ओसरल्यावर मन कोरडे आणि नाराज होते, आणि दुसरे ओसरल्यावरही समाधान टिकून राहते. विचार चालू असताना काय वाटते यापेक्षा तो निघून गेल्यावर मागे काय उरते ते पाहा : पारखेची पुढची सगळी इमारत या एका निरीक्षणावर उभी आहे.

हे रोजच्या रोज करायचे तर रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आधी दिवसाबद्दल देवाचे आभार मानावे, प्रकाश मागावा, मग सकाळपासूनचे प्रसंग एकेक करून डोळ्यांपुढून जाऊ द्यावे आणि कोठे मन देवाकडे, माणसांकडे, सेवेकडे उघडले आणि कोठे आक्रसले, ते टिपावे. चुकले असेल त्याची क्षमा मागावी आणि उद्यासाठी एखादीच ठरवलेली गोष्ट मनाशी धरावी. पाचारणाचा विचार दिवसात केव्हा आला आणि गेल्यावर मागे काय ठेवून गेला, ते वहीत एका ओळीत लिहावे. पहिल्या पंधरवड्यात या नोंदींतून काहीच निष्पन्न होणार नाही. चारसहा महिन्यांनी मागची पाने उलटली, म्हणजे आपल्याच हस्ताक्षरात एक सूत्र दिसू लागते. ते कधी अपेक्षेप्रमाणे असते, कधी नसते.

ज्या काळात प्रार्थनेत गोडी वाटते, श्रद्धा, आशा आणि प्रीती वाढल्यासारखी वाटते, त्याला इग्नाती सांत्वनाचा काळ म्हणतात. मन मरगळते, सगळे फोल वाटते, देव दूर गेल्यासारखा वाटतो, तो उदासीचा काळ. त्यांचा एक नियम पाठ करून ठेवावा असा आहे : उदासीच्या काळात आधी घेतलेला निर्णय कधीही बदलू नये. परीक्षेत नापास झालो, लग्न मोडले, घरात कोणी दगावले, की त्या आठवड्यात “आता मी सिस्टरच होते” असे वाटणे आणि नोव्हिशिएटमधील पहिल्या पावसाळ्यात घरची आठवण येऊन “आता मी परतच जातो” असे वाटणे, या दोन्ही वेळी हाच नियम लागू पडतो. आनंदाच्या भरातही सावध राहावे लागते. ऐन भक्तीच्या ज्वरात कोणी घाईने व्रत किंवा वचन देऊ नये, आणि त्यांनी आखून दिलेल्या आध्यात्मिक साधनेच्या मार्गदर्शकाने तसे करू देऊ नये, अशी त्यांची स्पष्ट सूचना आहे.

विद्यार्थ्यांसाठी त्यांच्याच आयुष्यातील आणखी एक प्रसंग मला फार उपयोगी वाटतो. तिशी उलटल्यावर बार्सिलोनात लॅटिन शिकायला बसले असता, धातूंची रूपे पाठ करू लागले की त्यांना नेमके तेव्हाच आध्यात्मिक गोष्टींचे नवे अर्थ आणि नवी गोडी सुचू लागे. मिस्सेच्या (चर्चमधील मुख्य उपासनेच्या) किंवा प्रार्थनेच्या वेळी मात्र असे काही होत नसे. हे चांगल्याच्या वेषातील विघ्न आहे हे त्यांनी ओळखले, आणि शिक्षकांना शब्द दिला, की दोन वर्षे मी तुमच्या वर्गात लक्ष देऊन बसेन, सबबी सांगणार नाही. बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात ज्याला तीन-तीन तास आराधनेला बसावेसे वाटते, त्याने आधी या प्रसंगाचा विचार करावा. पवित्र दिसणारा विचारही सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासावा. शेवटी तो कर्तव्यापासून पळवीत असेल, माणसांविषयी तुच्छता निर्माण करीत असेल किंवा मनाची शांती हिरावून घेत असेल, तर सुरुवात कितीही सुगंधी असो, उगम चांगला नाही. देवाच्या मार्गावर असलेल्या मनाला चांगली प्रेरणा स्पंजावर पडणाऱ्या थेंबासारखी हळुवार जाणवते आणि वाईट प्रेरणा दगडावर आपटणाऱ्या पाण्यासारखी आवाज करीत येते, ही त्यांचीच उपमा आहे.

आणि काहीच जाणवत नसेल तर? बहुतेकांना ना स्वर्गातून आवाज येतो ना मनात मोठ्या लाटा उसळतात, आणि त्यात काही उणे नाही. इग्नातींनी निर्णयाच्या तीन वेळा सांगितल्या आहेत : एक, जेव्हा शंकेला जागाच उरत नाही, दुसरी, जेव्हा सांत्वन आणि उदासी यांच्या अनुभवातून दिशा स्पष्ट होते, आणि तिसरी, जेव्हा मन शांत असते आणि बुद्धी वापरून ठरवायचे असते. या तिसऱ्या वेळी कागदावर संघात जाण्याचे फायदे व तोटे आणि न जाण्याचे फायदे व तोटे असे चार भाग वेगवेगळे लिहावेत. मात्र त्याआधी तराजूचा काटा मध्यावर असावा तसे मन कोणत्याही बाजूला न झुकलेले असावे, ही अट आहे; ती पुरी होत नसेल तर यादी करणे म्हणजे आधीच ठरवलेल्या गोष्टीला पुरावे गोळा करणे होय. त्याबरोबर दोन कल्पना करून पाहाव्यात. पूर्वी कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला, तर मी त्याला काय सल्ला देईन? आणि मरणाच्या घडीला आज मी काय निवडले असते तर बरे झाले असते, असे मला वाटेल? उत्तर मिळाल्यावर ते प्रार्थनेत देवापुढे ठेवावे आणि मन त्यावर स्थिरावते का, ते पाहावे.

याला किती काळ द्यावा? माझ्या मते किमान एक पूर्ण उपासना वर्ष, म्हणजे एका आगमनकाळापासून (नाताळपूर्वीच्या तयारीच्या आठवड्यांपासून) पुढच्या आगमनकाळापर्यंत. नाताळच्या उत्साहात, उपवासकाळाच्या गंभीर दिवसांत आणि त्यानंतरच्या लांबलचक साध्या रविवारांतही इच्छा तग धरते का, हे एवढ्या काळात कळते. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत पाचारणातले पाचारण, म्हणजे आधीच व्रतस्थ असताना आलेली नवी हाक, जाणवले. त्यांच्या मार्गदर्शक धर्मगुरूंनी आणि कोलकात्याच्या आर्चबिशपांनी त्यांना थांबायला लावले, आणि लोरेटो संघाचा कॉन्व्हेंट सोडून त्या बाहेर पडल्या तेव्हा १९४८ चा ऑगस्ट उजाडला होता. ज्या हाकेला दोन वर्षांची वाट पाहवत नाही, तिच्याविषयी शंका घेण्यास जागा असते.

मार्गदर्शक

एकट्याने ही पारख करू नये. मार्गदर्शक धर्मगुरू, सिस्टर किंवा अनुभवी प्रापंचिक व्यक्ती असू शकते. तिने ऐकून घ्यावे, प्रश्न विचारावेत आणि निर्णय तुमच्यावर सोडावा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, उघड्या आणि सुरक्षित जागी भेट पुरते. शक्यतो ज्या संघाची ओढ आहे त्याच संघाचा माणूस एकमेव मार्गदर्शक नसावा. साधना देणाऱ्याने साधकाला कोणत्याही व्रताकडे किंवा जीवनमार्गाकडे ढकलू नये, देवाला आणि त्या जीवाला थेट व्यवहार करू द्यावा, असे इग्नातींनी पाच शतकांपूर्वी लिहिले. तरीही भरतीच्या संख्येकडे डोळा ठेवून बोलणारी माणसे आजही भेटतात. कोणी घाई करीत असेल, घरी सांगू नकोस म्हणत असेल, मनातील गुपिते उघडायला भाग पाडत असेल किंवा एकांतात वागण्याची मर्यादा ओलांडत असेल, तर तेथून निघून यावे आणि धर्मग्रामातील किंवा घरातील विश्वासू माणसाला सांगावे. आपली कारस्थाने गुप्त राहावीत, ही वाईट प्रेरणेची खूण असल्याचे इग्नातींचेच म्हणणे आहे. सदस्यांना आपल्यापुढे मन उघडे करण्यास कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करण्याची संघाच्या वरिष्ठांनाही धर्मसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, कायद्याने मनाई आहे.

घर

आपल्या समाजात हा निर्णय एकट्याचा कधीच नसतो, आणि अडचण दोन्ही टोकांना येते. काही घरांत विरोध होतो : एकुलता एक मुलगा आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, वाडी कोण पाहणार, नातवंडे कोण देणार. या प्रश्नांना अश्रद्धा म्हणून झटकून टाकू नये. आईवडिलांना तुमच्या मिळकतीवाचून खरोखर दुसरा आधार नसेल तर तो विचार पारखेचाच भाग आहे, आणि संघही त्याविषयी विचारतात. मात्र खरी गरज आणि दुरावण्याचे दुःख यांत फरक असतो. ॲक्विनोच्या संत थॉमस यांच्या घरच्यांना मुलगा मठात जाण्याचे वावडे नव्हते. त्यांना तो मोंते कॅसिनोच्या प्रतिष्ठित मठात हवा होता, भिक्षा मागणाऱ्या नव्या डोमिनिकन संघात नको होता, म्हणून भावांनी त्याला वाटेतून उचलून आणून सुमारे वर्षभर घरात कोंडून ठेवले.

दुसऱ्या टोकाविषयी आपण कमी बोलतो. मूल होत नव्हते, किंवा झालेले मूल आजारी पडले, तेव्हा आईने नवस बोललेला असतो : हा जगला तर देवाला देईन. ते मूल लहानपणापासून “हा आमचा फादर” असे ऐकत वाढते, आणि अठराव्या वर्षी आपल्याला खरेच काय हवे आहे हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. अशा मुलांनी आणि त्यांच्या आयांनी एक गोष्ट निश्चिंत मनाने जाणून घ्यावी : धर्मसभेच्या कायद्यानुसार नवस किंवा व्रत हे ज्याने घेतले त्यालाच बांधते, दुसऱ्याला नाही. आईने स्वतःपुरते जे देण्याचे ठरवले असेल, त्याविषयी तिने आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. मुलावर त्याचे कोणतेही ऋण नाही. जबरदस्तीने, गंभीर भीतीने किंवा फसवणुकीने नोव्हिशिएटमध्ये झालेला प्रवेश तर मुळात वैधच ठरत नाही.

दार ठोठावणे

इतके झाल्यावर संघाशी संपर्क साधावा. बहुतेक संघांत पाचारणाचे काम पाहणारे फादर किंवा सिस्टर असतात आणि पास्काकाळाच्या (ईस्टरपासून सुरू होणाऱ्या काळाच्या) चौथ्या रविवारी, म्हणजे १९६४ पासून जगभर पाळल्या जाणाऱ्या पाचारण रविवारी, धर्मग्रामांत त्यांची भेट सहज होते. पहिल्या पत्रात स्वतःविषयी, शिक्षणाविषयी आणि इच्छेविषयी साधे, खरे चार परिच्छेद पुरेत. मग “या आणि पाहा” शिबिर असते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने पहिल्या शिष्यांना दिलेले हेच उत्तर आहे. शिबिरातील गाण्यांपेक्षा भांडी घासण्याची वेळ, जेवणाच्या टेबलावरचे बोलणे, म्हाताऱ्या आणि आजारी सदस्यांना मिळणारी वागणूक यांकडे लक्ष द्यावे. आनंदी म्हातारे असलेला संघ मला नेहमीच विश्वासार्ह वाटत आला आहे.

कागदपत्रांत साधारणतः बाप्तिस्मा आणि दृढीकरण संस्काराचे दाखले, विवाहबंधनात नसल्याचा दाखला, धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचे पत्र, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल लागतो. अनेक ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणीही घेतात. जुना आजार, औषधे, पूर्वी दुसऱ्या संघात राहिलेलो असणे, यांतील काहीही लपवू नये. न फेडता येणारे कर्ज असेल तर तेही आधी सांगावे, कारण अशा व्यक्तीला नोव्हिशिएटमध्ये घेण्यास धर्मसभेच्या कायद्याने वरिष्ठांना मनाई आहे. शैक्षणिक कर्ज असल्यास ते फेडूनच जाण्याची तयारी ठेवावी. नोव्हिशिएटसाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. लिझ्यूच्या संत तेरेजा १८८८ साली १५ व्या वर्षी कार्मेलमध्ये गेल्या आणि त्याआधी रोममध्ये पोप लिओ तेरावे यांच्या पायाशी बसून त्यांनी परवानगी मागितली होती, हे खरे. त्यांच्या भक्तांनी त्यांची श्रद्धा घ्यावी, वय घेऊ नये.

पुढचा रस्ता लांब आहे आणि तो मुद्दामच लांब ठेवलेला आहे. काही महिने किंवा एखादे वर्ष उमेदवारीचे, मग किमान १२ महिन्यांचे नोव्हिशिएट, जे बऱ्याच संघांत दोन वर्षांचे असते, मग तात्पुरती व्रते, जी सामान्यतः तीन ते सहा वर्षे चालतात, आणि त्यानंतर आजन्म व्रते. येशूसंघ याला अपवाद आहे. तेथे दोन वर्षांच्या नोव्हिशिएटनंतरची पहिलीच व्रते आजन्म असतात. पहिल्या व्रतांपूर्वी आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवावा लागतो. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी हा विषय भावंडांशी आधीच बोलून ठेवला तर पुढचे मनस्ताप टळतात.

उत्तर “नाही” आले तर

नोव्हिशिएट म्हणजे दोन्ही बाजूंनी घेतलेली परीक्षा आहे. नोव्हिस केव्हाही मोकळेपणाने परत जाऊ शकतो आणि संघही त्याला परत पाठवू शकतो. कायद्यात हे इतके सरळ असताना आपल्या गावांत मात्र “सेमिनरीतून पळून आला” हे वाक्य माणसाला वीस-वीस वर्षे चिकटून राहते, आणि केवळ त्या वाक्याच्या भीतीने काही जण चुकीच्या जागी राहतात. जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच आईवडिलांकडून एक गोष्ट ऐकून घ्यावी : परत आलास तरी हे घर तुझेच आहे. गावजेवण, सत्कार आणि फलक हे सगळे शेवटच्या व्रतांसाठी राखून ठेवले तर सर्वांचीच सोय होईल.

परत आल्यावर सहा महिने कोणताही नवा संघ धुंडाळू नये. झोप, काम, शिक्षण, मित्र यांची घडी आधी बसू द्यावी आणि नकाराचे कारण मार्गदर्शकाबरोबर शांतपणे पाहावे. प्रकृतीचे किंवा स्वभावाचे कारण असेल तर ते लक्षात घेऊन वेगळ्या वळणाच्या संघाचा विचार करता येतो.

आणि संघावरचे प्रेम तसेच राहिले, पण बोलावणे प्रपंचाचे निघाले, तर त्यासाठी धर्मसभेत जुनी आणि मानाची जागा आहे. फ्रान्सिसच्या प्रापंचिक अनुयायांची जीवनपद्धती १२२१ सालापासूनची आहे, आणि आजच्या प्रापंचिक फ्रान्सिस्कन संघाचा नियम पोप पॉल सहावे यांनी १९७८ साली मंजूर केला. कार्मेल आणि डोमिनिकन संघांच्याही अशा शाखा आहेत, तर इग्नातींच्या साधनेवर चालणारे ख्रिस्ती जीवन समुदाय आपली परंपरा १५६३ साली रोममध्ये सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या मंडळापर्यंत नेतात. विवाहित, अविवाहित, नोकरदार, शेतकरी असे सर्वच त्यांत असतात. तेथेही कोणी पहिल्याच दिवशी सदस्य होत नाही. आधी काही महिने बंधुभगिनींच्या सभांना नुसते येऊन बसायचे असते, मग वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ प्रशिक्षण घ्यायचे असते, आणि त्यानंतर आपल्या जीवनावस्थेत राहून शुभवर्तमानानुसार जगण्याचे वचन दिले जाते. त्यासाठी धर्मग्रामातील कार्यालयात जवळची सभा कोठे आणि कोणत्या रविवारी भरते एवढे विचारावे, आणि पहिल्या सभेला ती नोंदवही बरोबर न्यावी.